ॲम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय : ट्रान्सफॉर्मरपासून कपॅसिटरपर्यंतचा हिशेब

घरी स्टिरिओ ॲम्प्लिफायर जुळवणारे नवशिके बहुतेक वेळा सगळे लक्ष ॲम्प्लिफायरच्या बोर्डावर देतात आणि पॉवर सप्लायसाठी दुकानदार जो ट्रान्सफॉर्मर पुढे करील तो घेऊन येतात. पुढे आवाज वाढवला की तो फाटू लागतो, किंवा एखाद्या रात्री कोणी काही वाजवत नसतानाच चिप जळते. दोन्ही वेळा दोष बोर्डाला दिला जातो. ट्रान्सफॉर्मरच्या लेबलवर छापलेले व्होल्टेज फक्त एका ठरावीक परिस्थितीत खरे असते, आणि ॲम्प्लिफायर त्या परिस्थितीत फारच थोडा वेळ चालतो. म्हणून हा हिशेब दोन टोकांनी करावा लागतो. विजेचा दाब उतरलेला आहे आणि दोन्ही चॅनेल जोरात वाजत आहेत, हे खालचे टोक. दाब चढलेला आहे आणि काहीच वाजत नाही, हे वरचे टोक. दोन्हीकडे जो टिकतो तोच सप्लाय कामाचा.

उदाहरणासाठी एलएम १८७५ ही चिप वापरलेला दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर आणि ८ ओहमचे स्पीकर घेतले आहेत. ही चिप साधी आहे, तिला बाहेरून मोजकेच भाग लागतात आणि दिवाणखान्यापुरता आवाज ती सहज देते. चिप दुसरी असली तरी पद्धत हीच राहते; आकडे मात्र तिच्या डेटाशीटमधून घ्यावेत.

आधी आपल्या घरातला दाब मोजावा

ठाणे आणि नवी मुंबईच्या बहुतेक भागांत वीज महावितरणची असते आणि ती कागदोपत्री २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. प्रत्यक्ष सॉकेटवर काय मिळते, हे मात्र इमारत, मजला आणि वेळ यांवर ठरते. मे महिन्यात संध्याकाळी इमारतीतले सगळे एसी चालू असताना एकदा आणि मध्यरात्रीनंतर एकदा, मल्टिमीटर एसीच्या ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून दाब मोजावा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. मोजमाप जमले नाही, तर २३० च्या १० टक्के खाली आणि १० टक्के वर, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट, एवढा पट्टा गृहीत धरावा.

याच वेळी अर्थिंगचीही खात्री करून घ्यावी. जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोके असतात, पण तिसऱ्या भोकामागे तार असेलच असे नाही. ॲम्प्लिफायरची पेटी धातूची असणार असल्याने ही तपासणी वायरमनकडून करून घेतलेली बरी. प्रायमरीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूचे कोणतेही काम प्लग काढल्याशिवाय करू नये, आणि पहिल्यांदा वीज देताना घरात दुसरे कोणीतरी असावे.

ॲम्प्लिफायरला किती व्होल्ट लागतात

हिशेब स्पीकरपासून उलटा सुरू करावा. ८ ओहमच्या स्पीकरवर १२ व्होल्ट आरएमएस (एसीचे परिणामकारक मूल्य, मीटर दाखवतो ते) दिले, तर १२ चा वर्ग भागिले ८, म्हणजे १८ वॉट मिळतात. साध्या खोलीत एवढे वॉट भरपूर होतात. १२ व्होल्ट आरएमएसचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १७ व्होल्टचे असते. चिपला स्वतःच्या कामासाठी रेल, म्हणजे तिला पुरवठा करणारी डीसीची तार, आणि आउटपुट यांच्यात काही अंतर लागते. ते ४ व्होल्ट धरू. म्हणजे रेलचे व्होल्टेज कोणत्याही क्षणी २१ च्या खाली जाता कामा नये. कपॅसिटर दोन भरण्यांच्या मधल्या काळात रिकामा होत जातो, त्यामुळे व्होल्टेज खालीवर होते. या खालीवर होण्याला रिपल म्हणतात. रिपलसाठी २ व्होल्ट ठेवले, तर रेलचे शिखर २३ असायला हवे. एसीचे डीसी करणाऱ्या डायोडमध्ये जोरदार प्रवाह असताना सुमारे १ व्होल्ट पडतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी (बाहेर पुरवठा देणाऱ्या) वाइंडिंगवर २४ व्होल्टचे शिखर हवे. २४ भागिले १.४१४ केले की १७ व्होल्ट आरएमएस येतात. हा हिशेब २३० व्होल्टवरचा आहे; खालच्या टोकाला दाब उतरला की शिखर त्याच प्रमाणात खाली येते आणि १८ पेक्षा कमी वॉट मिळतात, पण त्याने काही जळत नाही.

धन आणि ऋण अशा दोन रेल हव्या असल्याने आपला ट्रान्सफॉर्मर ठरला १७-०-१७. मधला झीरो ॲम्प्लिफायरचा ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टचा संदर्भ होतो.

आता वरचे टोक पाहू. ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना त्याचे व्होल्टेज लेबलपेक्षा जास्त असते. या आकाराच्या बऱ्यापैकी ट्रान्सफॉर्मरला ही वाढ १० टक्के धरावी. त्यात मध्यरात्रीचा चढा दाब आणखी १० टक्के. १७ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे साधारण २०.६ व्होल्ट आरएमएस. त्याचे शिखर २९.१, आणि डायोडचे ०.७ वजा जाता रेलवर २८.४ व्होल्ट. दोन्ही रेल मिळून ५६.८ झाले. एलएम १८७५ ची मर्यादा दोन रेलमध्ये मिळून ६० व्होल्टची आहे, तेव्हा आपण सुरक्षित आहोत.

बाजारात सहज मिळणारा १८-०-१८ घेतला असता, तर हाच हिशेब ६०.२ वर जातो. ट्रान्सफॉर्मर हलका असून बिनभाराची वाढ १५ टक्के निघाली, तर ६३ वर. रात्री काही न वाजता जळणाऱ्या चिपमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. त्या एका जास्तीच्या व्होल्टने मिळते काय? १८ वॉटचे २१ वॉट, म्हणजे सुमारे पाऊण डेसिबल, जे गाणे ऐकताना कानाला कळणारही नाही. तयार मालच घ्यायचा असेल, तर १५-०-१५ घ्यावा. त्यावर साडेबारा वॉटच्या आसपास मिळतात आणि फरक दीड डेसिबलचा पडतो. माझ्या मते नवशिक्याने आकड्यांच्या मोहात न पडता नेहमी खालच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर निवडावा.

प्रवाह, व्हीए आणि वाइंडिंगवाल्याला सांगायच्या गोष्टी

१७ व्होल्टचे शिखर ८ ओहमवर गेले की प्रवाहाचे शिखर २.१ अँपिअर होते. अशा ॲम्प्लिफायरमध्ये प्रत्येक रेल अर्धीच लाट पुरवते, म्हणून एका चॅनेलसाठी एका रेलमधला सरासरी प्रवाह शिखर भागिले पाय (३.१४), म्हणजे ०.६८ अँपिअर येतो. दोन चॅनेलचे १.३६, त्यात चिपचा स्वतःचा शांत अवस्थेतला प्रवाह प्रत्येकी ०.०७ धरून एकूण दीड अँपिअर. रेक्टिफायरनंतर, म्हणजे डायोडच्या जोडणीनंतर, कपॅसिटर असला की ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह आखूड, उंच धक्क्यांनी जातो, आणि त्याचे आरएमएस मूल्य सरासरीच्या दीडपट ते दुप्पट असते. म्हणून वाइंडिंग ३ अँपिअरचे घ्यावे. ३४ गुणिले ३ म्हणजे १०२ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता). गाण्यात दोन्ही चॅनेल सतत पूर्ण ताकदीने कधीच वाजत नाहीत, त्यामुळे ६० ते ८० व्हीएवरही काम चालते. पण लेबलवरचे अँपिअर पुष्कळदा उदार हाताने छापलेले असतात, तेव्हा हात आखडता घेऊ नये.

हा हिशेब ८ ओहमपुरताच आहे. ४ ओहमच्या स्पीकरना प्रवाह दुप्पट लागतो आणि तो या चिपच्या कुवतीच्याही बाहेर जाऊ लागतो.

१७-०-१७ तयार मिळणे अवघड असते, पण वागळे इस्टेटमध्ये आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे-महापेकडे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे छोटे कारखानदार आहेत. ऑर्डर देताना ‘सतरा-झीरो-सतरा, तीन अँपिअर’ एवढेच सांगून थांबू नये. १७ व्होल्ट पूर्ण भारावर हवेत की बिनभाराचे, हे स्पष्ट सांगावे, कारण अनेक जण बिनभाराचा आकडा मोजून देतात आणि मग प्रत्यक्षात साडेपंधराच मिळतात. तार तांब्याची हवी, ॲल्युमिनियमची नको. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्याचे स्टॅटिक शील्ड घालायला सांगावे, आणि पूर्ण झाल्यावर वार्निशमध्ये बुडवून भाजायला सांगावे. नाहीतर स्टॅम्पिंगच्या, म्हणजे गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या सैल राहून ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत हे वार्निश वाइंडिंगच्या इन्सुलेशनलाही वाचवते. टोरॉइडल (गोल कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी फाकते, पण तो महाग पडतो आणि चालू करताना मोठा झटका घेतो. पहिल्या प्रकल्पाला ईआय, म्हणजे E आणि I आकाराच्या पट्ट्यांचा नेहमीचा चौकोनी ट्रान्सफॉर्मर, पुरेसा आहे.

बाकीचे भाग ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतात. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वे धरली की झाले.

ब्रिज

ब्रिज म्हणजे चार डायोडचा रेक्टिफायर. या रचनेत प्रत्येक डायोडवर उलट दिशेने दोन्ही रेलची बेरीज पडते, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे ५७ व्होल्ट. केबीपीसी २५१० हा चौकोनी धातूचा ब्रिज २५ अँपिअर आणि १००० व्होल्टचा असतो, स्वस्त मिळतो आणि मधल्या भोकातून स्क्रू घालून पेटीच्या तळाला कसता येतो. तोच घ्यावा. वाइंडिंगची दोन टोके त्याच्या एसीच्या दोन पायांना जोडावीत. झीरो ब्रिजला लागत नाही. तो सरळ कपॅसिटरच्या मधल्या बिंदूकडे जातो.

कपॅसिटर : किती, आणि कशासाठी

कपॅसिटर मोठा असला की हम, म्हणजे स्पीकरमधली सततची गुणगुण, जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. एलएम १८७५ सारखी चिप रेलवरचा रिपल स्वतःच ९० डेसिबलच्या आसपास दाबते, म्हणजे दीड व्होल्टच्या रिपलमधले जेमतेम ५० मायक्रोव्होल्ट स्पीकरपर्यंत पोहोचतात. ते ऐकू येत नाहीत. कपॅसिटरचे खरे काम रेलचा तळ २१ व्होल्टच्या वर धरून ठेवण्याचे आहे. तळ खाली गेला की मोठ्या आवाजातल्या लाटांचे शेंडे छाटले जातात, आणि ते छाटणे सेकंदाला १०० वेळा खालीवर होत राहते. आवाज ‘फाटतो’ तो इथे.

सूत्र सोपे आहे. कपॅसिटर म्हणजे प्रवाह गुणिले वेळ, भागिले रिपल. ५० हर्ट्झवर पूर्ण लाटेचा रेक्टिफायर दर १० मिलिसेकंदांनी एकदा भरणी करतो. १.५ गुणिले ०.०१ भागिले २ केले की ०.००७५ फॅरड, म्हणजे ७५०० मायक्रोफॅरड येतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २० टक्क्यांनी कमी निघू शकतो, हे लक्षात घेऊन प्रत्येक रेलवर ४७०० चे दोन समांतर जोडावेत. ९४०० मधून २० टक्के गेले तरी ७५२० उरतात, आणि हिशेब काठावर का होईना जमतो. एका मोठ्याऐवजी दोन लहान घेतल्याने भरणीचा प्रवाह वाटला जातो आणि दोन्ही कमी तापतात.

व्होल्टेज ५० चे घ्यावे. वरच्या टोकाला २८.४ येणार असल्याने ३५ चा चालतो असे वाटते, पण किमतीतला फरक चहापाण्याइतका असतो आणि आयुष्य वाढते. बाहेरच्या प्लास्टिकवर १०५ अंश छापलेले पाहूनच घ्यावा. बंद पेटीत ट्रान्सफॉर्मरशेजारी ८५ अंशांचा लवकर सुकतो.

मग २२,००० चे दोन-दोन का घालू नयेत? सोसायटीच्या गच्चीवरची टाकी दुप्पट मोठी केली, तरी नळाला वापर तेवढाच राहतो. पंपाला मात्र पाणी यायच्या तेवढ्याच मोजक्या वेळात ते भरावे लागते, आणि टाकी जितकी काठोकाठ राहते तितका तो वेळ आखूड होत जातो. मोठ्या कपॅसिटरमुळे भरणीचे धक्के अधिक आखूड आणि अधिक उंच होतात, ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो व गुणगुणतो, आणि चालू करताना फ्यूज उडण्याची शक्यता वाढते. १०,००० च्या आसपास थांबावे.

जोडताना एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. धन रेलच्या कपॅसिटरचा धन पाय रेलला आणि ऋण पाय ग्राउंडला जातो, पण ऋण रेलच्या कपॅसिटरचा धन पाय ग्राउंडला आणि ऋण पाय रेलला जातो. कपॅसिटरच्या अंगावरची वजा चिन्हांची फिकट पट्टी ऋण पायाच्या बाजूला असते. ऋण रेलवर ही पट्टी रेलकडे तोंड करून असली पाहिजे. उलटा बसलेला कपॅसिटर आधी गरम होतो, मग त्याच्या डोक्यावरची खाच फुगते आणि फुटते; त्यातला द्रव डोळ्यांत जाऊ शकतो.

प्रत्येक रेलवर कपॅसिटरला समांतर २.२ किलोओहम, १ वॉटचा रेझिस्टर लावावा. वीज बंद केल्यावर तो साठा काढून टाकतो. तरीही पेटी उघडण्याआधी दोन मिनिटे थांबावे आणि मीटरने खात्री करावी.

फ्यूज

प्रायमरीत, स्विचच्या आधी फेजच्या तारेवर, १ अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसणारा) फ्यूज असावा. साधा फ्यूज कपॅसिटर भरतानाच्या पहिल्या झटक्यात उगाच उडतो, आणि मग लोक त्याजागी जाड तार बांधतात. सेकंडरीत फ्यूज डीसी रेलवर न बसवता वाइंडिंगच्या दोन टोकांवर, ब्रिजच्या आधी, ४ अँपिअरचे स्लो-ब्लो बसवावेत असा माझा आग्रह आहे. कारण असे की डीसी रेलवरचा एकच फ्यूज उडाला, तर ॲम्प्लिफायरला एकच रेल उरते आणि आउटपुटवर डीसी येऊन स्पीकरचे कॉइल जळू शकते. वाइंडिंगच्या टोकावरचा एक फ्यूज उडाला, तर दुसरे टोक दोन्ही रेलना अर्ध्या लाटेने पुरवठा करत राहते. हम वाढतो आणि बिघाड कळतो, पण स्पीकर बहुधा वाचतो.

तारांची मांडणी

बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायरमधला हम इथे जन्माला येतो. ट्रान्सफॉर्मरचा झीरो आणि कपॅसिटरचा मधला बिंदू यांच्यातल्या तारेतून भरणीचे उंच धक्के जातात, आणि तारेच्या नगण्य रोधावरही त्यांचे काही मिलिव्होल्ट पडतात. ॲम्प्लिफायरचे ग्राउंड याच तारेवर कुठेतरी जोडले, तर ते मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतात. म्हणून कपॅसिटरच्या मधल्या बिंदूपासून एक वेगळी जाड तार काढून ती एका बोल्टवर न्यावी, आणि दोन्ही चॅनेलचे ग्राउंड, स्पीकरच्या परतीच्या तारा व इनपुटचे ग्राउंड त्या बोल्टवर स्वतंत्रपणे आणावेत. झीरोची तार त्या बोल्टवर कधीही आणू नये.

पेटीला येणारी हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थची तार वेगळ्या बोल्टवर, रंग खरवडून, दातेरी वॉशरसह कसावी. या चिपची धातूची पाठ आतून ऋण रेलला जोडलेली असते; अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकची बुशी न घालता ती हीटसिंकला कसली, तर ऋण रेल थेट पेटीला टेकते.

पहिल्यांदा वीज देताना

६० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब प्रायमरीच्या फेजमध्ये सिरीजमध्ये जोडावा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. आधी एकटा ट्रान्सफॉर्मर जोडून झीरो ते प्रत्येक टोक मोजावे, १८.५ ते १९ व्होल्ट एसी आणि दोन टोकांमध्ये त्याच्या दुप्पट मिळाले पाहिजे. नंतर ब्रिज आणि कपॅसिटर जोडावेत. बल्ब क्षणभर चमकून मंदावला, तर सगळे ठीक आहे. तो पूर्ण तेजाने जळत राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. ताबडतोब प्लग काढावा. बल्ब काढून सरळ वीज दिल्यावर प्रत्येक रेलवर २६ च्या आसपास डीसी दिसते.

ॲम्प्लिफायर जोडण्याआधी सप्लायला एकट्याला भार द्यावा. प्रत्येक रेल ते ग्राउंड १५ ओहम, ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर जोडला की दीड अँपिअर वाहतात. हे रेझिस्टर लादीच्या तुकड्यावर ठेवावेत, कारण त्यात प्रत्येकी तीसेक वॉट उष्णता होते आणि टेबलाचे सनमायका फुगते. डीसी २१ ते २३ च्या दरम्यान असावे. त्यानंतर मीटर एसीवर लावून, सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घालून, रिपल मोजावा, ०.४ ते ०.६ व्होल्ट दिसले, तर त्याला ३.५ ने गुणून शिखर ते तळ १.४ ते २.१ व्होल्ट येतो, म्हणजे आपण ठरवल्याइतकाच. अर्धा तास असे चालवून प्लग काढावा आणि ट्रान्सफॉर्मरला हात लावावा. हात ठेवता आला पाहिजे.

यानंतर स्पीकर न लावता, इनपुट शॉर्ट करून ॲम्प्लिफायर जोडावा आणि आउटपुटवरचे डीसी मोजावे. ते काही मिलिव्होल्टच असायला हवे. १०० च्या वर गेले, तर बोर्डाची जोडणी पुन्हा तपासावी. स्पीकर लावल्यावर हम आला, तर त्याचा सूर ऐकावा. जाड, गोल ५० हर्ट्झचा हम बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रातून किंवा टीव्ही-संगणकाशी झालेल्या ग्राउंड लूपमधून, म्हणजे दोन उपकरणांचे ग्राउंड दोन वाटांनी जुळून बनलेल्या वेढ्यातून, येतो. इनपुटची तार काढून आणि ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवून पाहिला की त्यातले कोणते कारण आहे ते कळते. खरखरीत १०० हर्ट्झचा हम आला, तर कपॅसिटर वाढवण्याआधी ग्राउंडची तार कुठल्या बिंदूवरून काढली आहे ते पाहावे.